थंडीत उघडणारी भेग

रोज सकाळी साडेसातला उल्हास सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या आपल्या फ्लॅटमध्ये फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसायचा आणि समोर माँटानातली आदल्या दिवशीची संध्याकाळ उघडायची. इकडे खिडकीतून दमट हवा आणि खालच्या बसचा आवाज. फोनमध्ये बर्फ, आणि बर्फाच्या मधोमध त्याची मुलगी रुचिरा. तीही नाकडोळ्यांपुरतीच, कारण बाकीची सगळी लोकरीत गुंडाळलेली.

वेळ संध्याकाळचीच का, हे उल्हासच्या बायकोला, प्रेमाला, सुरुवातीला कळायचं नाही. गुरांना सकाळी खायला घालतात, ही तिची समजूत. रुचिराने आईला समजावलं होतं की गाभण गाईंना दिवस मावळताना गवत टाकलं की त्या रात्रभर चरत, रवंथ करत राहतात आणि बऱ्याचशा दिवसाउजेडी वितात. का, ते नीटसं कुणालाच ठाऊक नाही, पण होतं खरं. वजा अठ्ठावीसच्या थंडीत रात्री जन्मलेलं वासरू आईने चाटून कोरडं करायच्या आत कानांपासून गोठायला लागतं. दिवसा जन्मलं तर जगतं. म्हणून रँचवर काहीही चुकलं तरी चालतं, संध्याकाळचं गवत चुकून चालत नाही.

हे काम डेलचं होतं. डेल म्हणजे रुचिराचा नवरा. ती तिकडे जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकायला गेली, एका उन्हाळ्यात कामासाठी त्याच्या रँचवर राहिली, आणि राहिलीच. डेलच्या वडिलांचा एक जुना डिझेल ट्रक होता. पाठीला दोन लोखंडी हात बसवलेले. ते वाळल्या गवताचा पुरुषभर उंचीचा गोल गठ्ठा उचलायचे आणि सतरंजी उलगडावी तसा बर्फावर उलगडत न्यायचे. मागून गाईंची रांग. ट्रकचा एक दरवाजा दोरीने बांधलेला, हीटरचं तोंड चिंध्यांनी बुजवलेलं, पण इंजिन दणकट. उल्हास एकदा जुलैमध्ये तिकडे गेला होता, तेव्हा मुलीच्या संसारापेक्षा जास्त वेळ त्या बॉनेटखाली होता. त्याचं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेलं. सासऱ्या-जावयाला एकमेकांचं इंग्रजी धड कळत नव्हतं. डिझेलने निभावून नेलं.

गेल्या नोव्हेंबरात, शिकारीच्या हंगामाच्या शेवटी, डेल एकटाच डोंगरावर गेला. त्या मुलखात हिवाळ्याचं मांस असंच घरात येतं. त्याने एक एल्क टिपला, म्हणजे सांबराहून थोराड असं हरण. जागच्या जागी सोलून, तुकडे करून त्याच जुन्या ट्रकमध्ये भरलाही. मग वादळ आलं. उतरणीवर ट्रक बंद पडला. फोनला रेंज नव्हती. ट्रकमध्ये बसून रात्र काढायची की चालत घर गाठायचं, यात डेलने चालणं निवडलं. दुसऱ्या दिवशी तो घराकडे येणाऱ्या कुंपणापाशी सापडला. तार हातमोज्यात पकडलेली होती.

अंत्यविधीला उल्हास एकटा गेला. प्रेमाच्या दम्याला ती थंडी झेपली नसती. जमीन इतकी गोठली होती की खणायच्या आधी तिच्यावर दिवसभर निखारे पसरून ठेवावे लागले. परत येऊन चांगी विमानतळाबाहेर तो टॅक्सीत बसला तेव्हा जाड कोट अंगातच होता. म्हातारा चिनी ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "अंकल, नॉट हॉट अह?" तेव्हा कुठे त्याने बटणं सोडली.

तिकडे असताना एकदा, भांडी विसळता विसळता, रुचिरा त्याला म्हणाली होती, "ट्रकमध्ये डिझेल मी भरलं होतं, बाबा."

याचा अर्थ उल्हासला लगेच कळला. डिझेलमध्ये मेण असतं. कडाक्याच्या थंडीत ते तुपासारखं थिजतं, फिल्टर बुजतो, इंजिन उपाशी मरतं. म्हणून तिकडची माणसं हिवाळा लागला की वेगळं, पातळ डिझेल भरतात. तिथे वाढलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही. रुचिरा मात्र तोआ पायोहमध्ये वाढलेली. तिच्या लेखी डिझेल म्हणजे डिझेल. उन्हाळ्यात भरून ठेवलेलं एक पिंप अंगणात उरलं होतं. डेलचं काम वाचावं म्हणून तिने ते ट्रकच्या टाकीत ओतलं आणि त्याला सांगायचं विसरली.

उल्हास तेव्हा खोटं बोलू शकला असता. पण यंत्राबद्दल खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला होता, "तेवढ्यानेच झालं असं सांगता येत नाही." रुचिराने मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तिने आणखी बरंच काही सोडून दिलं. ती हसेनाशी झाली, वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'लाह' म्हणेनाशी झाली. पूर्वी तिच्या मराठीत दर दोन वाक्यांना एक 'लाह' असायचा आणि प्रेमा वैतागायची. आता ती शुद्ध बोलत होती आणि प्रेमाला ते ऐकवत नव्हतं.

शेजारच्या रँचवरचा वॉल्ट भला माणूस. महिनोन् महिने तो आपल्या ट्रॅक्टरने रुचिराच्या गाईंना गवत टाकत होता. जानेवारीत वाट मोकळी झाल्यावर त्याने डोंगरावरून ट्रक ओढून आणला, टाकी रिकामी करून धुतली, हिवाळी डिझेल भरलं, फिल्टर बदलला. शेडमध्ये शेगडी लावून चालवून पाहिला तर तासभर बिनतक्रार चालला. बाहेर काढला की थोड्याच वेळात बंद. पुन्हा शेडमध्ये नेला, पुन्हा नीट. वॉल्टने दोनदा सगळं उघडून पाहिलं, शेवटी टोपी काढून डोकं खाजवलं.

आता वॉल्टच्या स्वतःच्या गाई व्यायला लागल्या होत्या. त्याने रुचिराला सरळ सांगितलं: ट्रक चालला तर ठीक, तू बघ, नाहीतर शनिवारी मी ट्रेलर आणतो आणि तुझ्या गाई माझ्या कळपात नेतो. तुझ्या नावाने राहतील, पण हिवाळाभर तू इथे एकटी कशाला राहतेस? घरी जा.

घरी म्हणजे सिंगापूरला. रुचिराने हे आईवडिलांना सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात हो किंवा नाही काहीच नव्हतं. ट्रक चालला तर राहीन, नाही चालला तर येईन, एवढंच ती म्हणाली. जणू स्वतःचं काही म्हणणं उरलंच नव्हतं आणि निर्णय त्या खटाऱ्यावर सोपवला होता.

प्रेमाने मात्र त्याच दिवशी रुचिराच्या खोलीतली इस्त्रीच्या कपड्यांची चळत हलवली, गादी उन्हात टाकली आणि रविवारच्या विमानाचं तिकीट काढून ठेवलं. बाजारातून ती पापलेटं घेऊन आली. तिकडे पोर त्याच एल्कचं मांस खात होती. वॉल्टने ते डोंगरावरून आणून, पुड्या बांधून तिच्या फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. आईने पाठवलेला काळा मसाला घालून ती ते शिजवायची, थोडं थोडं पुरवायची. संपलं की डेलच्या हातचं काही उरणार नाही, असं ती एकदा म्हणाली होती आणि प्रेमा उठून बाल्कनीत गेली होती.

बुधवारी सकाळी उल्हासने रुचिराला इंजिनाचा आवाज ऐकवायला सांगितला. तिने फोन बॉनेटजवळ धरला. उल्हासला काहीच ऐकू आलं नाही, फक्त तिचा श्वास. हल्लीचे फोन माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवतात आणि मागची घरघर कचरा समजून गाळून टाकतात, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग तिने रेकॉर्ड करून पाठवलं.

ते घेऊन तो इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर जाऊन बसला, कारण घरात पंखा होता आणि प्रेमा होती. चिनी नववर्ष नुकतंच सरलं होतं. खांबांवर लाल कागद अजून होते, पलीकडच्या टेबलावर दोन म्हातारे सोंगट्या खेळत होते. उल्हासने फोन कानाला लावून डोळे मिटले. पूर्वी तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवून ऐकायचा. हे त्या मानाने सोपं होतं. इंजिन गुदमरत नव्हतं. फिल्टर बुजला की इंजिन हळूहळू, थकत थकत मरतं. हे अडखळत होतं, सावरत होतं, पुन्हा अडखळत होतं. घोट घेताना माणसाच्या घशात वारा जावा तसं.

इंधनात हवा जात होती. पण कुठून?

शेडमध्ये नीट आणि बाहेर बंद, यातच उत्तर होतं. टाकीपासून पंपापर्यंत रबरी नळी जाते. पंप त्या नळीतून डिझेल ओढतो, त्यामुळे नळीला भेग पडली तर थेंबही बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. आणि रबर जुनं असलं की थंडीत आखडतं, भेग उघडते; उबेत मऊ पडतं, भेग मिटते. वॉल्टने नळी तपासली असणारच, पण तपासली शेडमध्ये, शेगडीच्या उबेत. तिथे ती धडधाकट दिसली.

तरीही उल्हासला अंदाजावर बोलायचं नव्हतं. दुपारी तो तुआसच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेला, भंगारातून तसल्याच नळीचा वीतभर तुकडा मागून आणला. हातात वाकवून पाहिला तर गुळगुळीत. घरी येऊन तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला.

गुरुवारी प्रेमा खवलेला नारळ काढायला गेली आणि तिच्या हाताला ती पिशवी लागली. तिने ती ओट्यावर ठेवली आणि हे काय, असं विचारलं. उल्हासने नळी बाहेर काढून वाकवली. काळ्या रबरावर एक बारीक भेग जिवणीसारखी उघडली. तो क्षणभर खूश झाला, धंद्यातला माणूस होतो तसा, आणि त्या भरात त्याने प्रेमाला सगळं समजावून सांगितलं: नळी, हवा, थंडी, शेड. वॉल्टकडे नवी नळी असणारच, तासाभराचं काम.

प्रेमाने शांतपणे ऐकलं. तीस वर्षं जहाजावरच्या माणसाचा संसार केलेली बाई, तिला यंत्रातलं नाही कळलं तरी वेळेचं कळायचं.

"म्हणजे तुम्ही सांगितलंत की ट्रक चालणार," ती म्हणाली.

"हो."

"आणि ती राहणार."

उल्हासने भेगेवरून अंगठा फिरवला.

"मग सांगू नका," प्रेमा म्हणाली. "शनिवारपर्यंत फक्त. तुम्हाला काही खोटं बोलायला सांगत नाही मी. गप्प बसायला सांगतेय. आयुष्यभर माझ्याशी गप्पच बसलात की, दोन दिवस तिच्याशी बसा."

एरवी या टोमण्यावर तो हसला असता. त्याने नळी पुन्हा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली आणि म्हणाला की रुचिराला वाटतंय, डेल तिच्या डिझेलने गेला. नळीचं कळलं तर ते ओझं उतरेल.

प्रेमा म्हणाली, मग तेवढंच सांगा. तुझ्या डिझेलने नाही झालं म्हणावं, बाकी राहू द्या.

"ती विचारेल, मग कशाने झालं. पोर माझी आहे, प्रेमा. नुसत्या नाहीवर ऐकणार आहे का?"

दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात होत्या. मुलगी घरी आणायची तर तिला आयुष्यभर ते पिंप डोक्यावर घेऊन फिरू द्यायचं. पिंप उतरवायचं तर तिला तिथेच सोडायचं. प्रेमाने नारळ तसाच ओट्यावर ठेवला आणि रुचिराच्या खोलीत जाऊन बसली.

उल्हास रात्री जेवला नाही. त्याला जहाजावरचे बदलीचे दिवस आठवत होते. नवा चीफ इंजिनिअर बंदरात चढला की जुन्याने त्याला इंजिनरूममधून फिरवायचं आणि प्रत्येक यंत्राचं दुखणं तोंडाने सांगायचं: हा पंप तापतो, तो वाल्व्ह अर्धाच बंद होतो, याचा गेज खोटं बोलतो. काही लपवायचं नाही. लपवून उतरलेल्या माणसाचं नाव बंदरोबंदरी खराब व्हायचं. शेवटी नवा म्हणायचा, टेकन ओव्हर, आणि तिथून पुढे ते यंत्र त्याचं. रुचिरा लहान असताना उल्हास बोटीवर निघाला की तिलाही असंच घरभर फिरवायचा: गीझरचं बटण ढिलं आहे, मागचं दार ओढून लावावं लागतं, आई चिडली की पहिली पाच मिनिटं काही बोलायचं नाही. ती टाचा जुळवून म्हणायची, टेकन ओव्हर, सर. मग तो निर्धास्त जायचा.

शुक्रवारी सकाळी फोन लागला तेव्हा रुचिरा शेडबाहेर ट्रकपाशी उभी होती. उल्हासने विचारलं, घरात चहाची किटली आहे ना, भरून उकळून आण. तिला आश्चर्य वाटलं, पण ती गेली. प्रेमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने उल्हासकडे पाहिलं आणि तो काय करायला निघालाय ते ओळखलं. ती आली आणि फोनसमोर, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. त्याला अडवायला नाही.

रुचिरा परतल्यावर त्याने इंजिन चालू करायला लावलं. आवाज आला नाहीच. फोनने तो गाळला होता. चित्रात फक्त ट्रकचा आरसा थरथरायला लागला आणि मागून पांढरा धूर आला. थोड्या वेळाने धूर तुटक झाला, आरसा थबकला. बंद. मग उल्हासच्या सांगण्यावरून ती बर्फात पाठीवर झोपून ट्रकखाली सरकली. टाकीपासून पुढे गेलेली काळी नळी तिला सापडली. तो म्हणाला, त्यावर किटली रिकामी कर, मग पंपाचं बटण हाताने दाबत राहा, आतली हवा निघून ते घट्ट लागेपर्यंत, आणि परत चालू कर.

वाफेने सगळं चित्र पांढरं झालं. मग आरसा थरथरला. धूर आला आणि येत राहिला, एकसारखा. उल्हास तो धूर बघत बसला. रुचिरा ट्रकच्या खिडकीशी उभी राहून इंजिनाकडे बघत होती. पाणी थंड झालं आणि धूर पुन्हा अडखळला.

"नळी आहे," उल्हास म्हणाला. "थंडीत भेग उघडते. वॉल्टकडून नवी घे, दोन्ही टोकांना क्लॅम्प लाव. बाकी ट्रकला काही झालेलं नाही."

ती फोनच्या अगदी जवळ आली. पापण्यांवर बर्फाचे कण होते.

"तेव्हापण हीच होती, बाबा?"

उल्हासला माहीत होतं की याचं खरं उत्तर त्याच्याकडे नाही. टाकीतलं त्या दिवशीचं डिझेल वॉल्टने कधीच ओतून टाकलं होतं. नळी नोव्हेंबरात फाटलेली असेल, किंवा नंतर जानेवारीत, डोंगरावर उभ्या ट्रकमध्ये फाटली असेल. मेण थिजलं असेल, हवा शिरली असेल, दोन्ही असेल. जहाजावर त्याने सांगितलं असतं: कारण नक्की नाही, लक्ष ठेवा.

"हीच होती," तो म्हणाला.

"आणि माझं डिझेल?"

"त्याचा काही संबंध नव्हता. मेणाने मरणारं इंजिन असं अडखळत नाही. मी ऐकलंय. नळी होती, रुची."

ती खाली बसली, बर्फातच, आणि फोन तिच्या मांडीवर उताणा पडला. उल्हास आणि प्रेमाला फक्त तिकडचं आकाश दिसत होतं, करडं, आणि रडणं ऐकू येत होतं. तेवढं फोनने गाळलं नाही.

शनिवारी सकाळी तिने आपणहून फोन लावला आणि ट्रकच्या आत, काचेजवळ अडकवून ठेवला. नवी नळी बसली होती. मागच्या खिडकीतून दिसत होतं: गठ्ठा उलगडत होता, बर्फावर पिवळा पट्टा पडत होता आणि गाई पोटं हलवत त्याच्यामागे येत होत्या. ट्रेलरचं काय झालं, ते प्रेमाने विचारलं. वॉल्टला नको म्हणून सांगितलंय, रुचिरा म्हणाली. एक गाय उद्यापरवा विईल असं दिसतंय. तिकिटाचे पैसे फुकट गेले, सॉरी, आई. उन्हाळ्यात येते.

"उन्हाळ्यात तिथलं कोण करणार?" प्रेमाने विचारलं.

"बघू, लाह."

प्रेमाने पदर तोंडाला लावला.

उल्हासने मग तिला ट्रक समजावला. थंडीत बॅटरी रात्री घरात ठेव. डोंगरावर जाताना घोंगडी, किटली आणि स्टोव्ह घे, आणि बंद पडला तर ट्रक सोडू नकोस, काही झालं तरी. डाव्या ब्रेकवर विसंबू नकोस. तेलाचा काटा कमी दाखवतो, त्याचं मनावर घेऊ नकोस. तो आठवून आठवून सांगत होता, आणि ती समोर बघून चालवत, हं, हं करत होती. सांगण्यासारखं संपलं तेव्हा तो थांबला.

रुचिराने गिअर बदलला. "टेकन ओव्हर, सर," ती म्हणाली.

फोन बंद झाल्यावर प्रेमाने रुचिराच्या खोलीतली नवी चादर काढून घडी घातली. इस्त्रीची चळत परत गादीवर आली. मग ती दारात येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं की तिला सगळं खरं सांगितलंत ना.

"हो," उल्हास म्हणाला.

ती काही क्षण त्याच्याकडे बघत राहिली.

पापलेटं काढायला तिने फ्रीजर उघडला, तेव्हा ती नळीची पिशवी बाहेर काढून ओट्यावर ठेवली. दुपारी उल्हास पाणी प्यायला उठला तर पिशवीत पाणी साचलं होतं आणि नळी मऊ झाली होती. त्याने ती उचलून खिडकीशी धरली, चष्मा लावला, वाकवली, पिळली, पुन्हा वाकवली. भेग कुठे होती ते त्याला सापडलं नाही.